फ्लीटवूड मॅकचा ‘रूमर्स’ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महिन्यातून एका शनिवारी आमच्या हॉलमध्ये सहा-सात माणसं रेकॉर्डी ऐकायला जमतात. भजी, चहा आणि एक अख्खा अल्बम, मध्ये बोलायचं नाही, एवढाच नियम. ‘रूमर्स’ लावला त्या दिवसापासून माझा फोन शांत नाही. आलेल्यांनी घरी जाऊन बाकीच्यांना सांगितलं, मग त्यांचेही प्रश्न सुरू झाले. तेच तेच टाइप करून अंगठे दुखले, म्हणून सगळी उत्तरं एकदाच लिहून ठेवते. प्रश्न बहुतेक तुमच्याच शब्दांत आहेत.

१. अगदी पहिल्यापासून सांगा. हा अल्बम कुणाचा आणि कधीचा?

फ्लीटवूड मॅक या बँडचा. ४ फेब्रुवारी १९७७ ला वॉर्नर ब्रदर्स रेकॉर्ड्सने काढला. अकरा गाणी, जेमतेम चाळीस मिनिटं. बहुतेक ध्वनिमुद्रण १९७६ साली कॅलिफोर्नियात, सान फ्रान्सिस्कोजवळच्या सॉसालिटो गावातल्या ‘रेकॉर्ड प्लांट’ स्टुडिओत झालं. स्टुडिओला खिडक्या नव्हत्या. आत शिरलं की दिवस आहे की रात्र, कळायचं नाही.

२. कोण कुणाचं काय लागतं? दर वेळी माझा गोंधळ होतो.

पाच माणसं. ड्रमवर मिक फ्लीटवूड, बेस गिटारवर जॉन मॅकव्ही, कीबोर्डवर आणि गायला क्रिस्टीन मॅकव्ही. हे तिघं इंग्रज. गिटारवर आणि गायला लिंडसी बकिंगहॅम (हा पुरुष आहे, नावावर जाऊ नका) आणि गायला स्टीव्ही निक्स (ही बाई आहे, इथेही तेच). हे दोघं अमेरिकन.

जॉन आणि क्रिस्टीन नवरा-बायको. १९६८ साली लग्न, आणि या अल्बमच्या सुमाराला घटस्फोट. स्टीव्ही आणि लिंडसी शाळेपासूनची ओळख, वर्षानुवर्षं एकत्र राहिलेले. त्यांचंही याच काळात फाटलं. मिकचा संसार बँडबाहेर होता, पण तोही मोडत होता (प्रश्न १२ पाहा). म्हणजे पाचही जण एकाच वेळी विस्कटलेले. आणि पाचांपैकी चौघांच्या बाबतीत, ज्याच्यामुळे रडू येतंय तो माणूस समोरच वाद्य जुळवत बसलेला.

३. एवढं होऊनही बँड फुटला कसा नाही?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. सरळ उत्तर असं की गाडी तेव्हाच वेगात आली होती. आदल्या वर्षी, १९७५ मध्ये, या पाच जणांचा पहिला अल्बम आला होता. तो रांगत रांगत वर चढत होता आणि तब्बल वर्षभरानंतर, सप्टेंबर १९७६ मध्ये, अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचला. चालत्या गाडीतून उडी कोण मारणार? सॉसालिटोत दोघी बायका बंदराजवळच्या फ्लॅटमध्ये राहायच्या, पुरुष टेकडीवरच्या स्टुडिओच्या घरात. कामापुरतं भेटायचं.

पण माझ्या मते खरी गोष्ट या व्यवहाराच्या पलीकडे आहे. आपल्याकडे ‘साथ’ हा एकच शब्द दोन कामं करतो: संसारात देतात तीही साथ आणि तबलजी देतो तीही. या लोकांची पहिली साथ सुटली होती, दुसरी सुटली नाही. स्टीव्हीने लिंडसीवर गाणं लिहून आणलं, तर त्याची बांधणी लिंडसीच करणार. लिंडसीने स्टीव्हीवर जळजळीत गाणं लिहिलं, तर मागे स्वर धरायला स्टीव्हीच उभी. आणि कुणीही मुद्दाम वाईट वाजवलं नाही. मैफलीत गायकाशी अबोला असलेला साथीदार काय काय करू शकतो हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना यातली किंमत कळेल. बाकी सगळी कुजबुज विसरलात तरी चालेल, हे ध्यानात ठेवून ऐका.

४. कुठलं गाणं कुणावर आहे? यादी द्या ना.

यादी देत नाही, कारण यादी हातात आली की लोक गाणी ऐकायची सोडून कोडी सोडवत बसतात. ढोबळ सांगते.

‘गो युअर ओन वे’ लिंडसीने स्टीव्हीला उद्देशून लिहिलं. त्यातली एक ओळ तिच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवणारी आहे. ती खोटी आहे, काढून टाक, असं स्टीव्ही सांगत राहिली, त्याने काढली नाही. पुढे कित्येक वर्षं मंचावर त्याच गाण्यात तिला मागे गावं लागलं. ‘ड्रीम्स’ हे त्याच तुटण्याबद्दल तिचं म्हणणं. तो ओरडतो, ती समजावते, आणि समजावताना चिमटा काढते. ‘सेकंड हँड न्यूज’ही लिंडसीचंच, वरून उड्या मारणारं आणि आतून दुखावलेलं. त्यातला टपटप आवाज ऐकलात? स्टुडिओतल्या खुर्चीच्या रेक्झिनवर तो हाताने वाजवत होता.

‘डोन्ट स्टॉप’ क्रिस्टीनने जॉनसाठी लिहिलं: झालं ते झालं, उद्याकडे बघ. जॉनने पुढे सांगितलंय की कित्येक वर्षं ते गाणं वाजवूनही ते आपल्यावर आहे हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं, कुणीतरी सांगितलं तेव्हा कळलं. मला हे फार नवऱ्यासारखं वाटतं.

‘ओ डॅडी’ क्रिस्टीनचंच, मिकवर. तेव्हा बँडमध्ये बाप झालेला तो एकटाच होता.

५. ‘यू मेक लव्हिंग फन’ कुत्र्यावर आहे हे खरं का?

नाही. पण जॉनला तसं सांगितलं गेलं होतं, हे खरं! क्रिस्टीनचं तेव्हा बँडच्या प्रकाशयोजनाकाराशी, करी ग्रँटशी, जमलं होतं आणि गाणं त्याच्यावर होतं. नवऱ्याशी उगाच तमाशा नको म्हणून तिने सांगून टाकलं की हे माझ्या कुत्र्यावर आहे. आता गाणं परत लावा आणि फक्त बेस ऐका. तो जॉन आहे.

६. ‘ड्रीम्स’ एवढं साधं आहे, तरी सुटत का नाही? माझी मुलगी गिटार शिकते, ती म्हणते यात दोनच कॉर्ड आहेत.

मुलगी बरोबर सांगते. (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजवलेले दोन-चार सूर.) मधला एक छोटा तुकडा सोडला तर एफ आणि जी, एफ आणि जी, बस्स. पण याच साधेपणात मेख आहे. घरात पेटी असेल तर काढा. पांढरी एकचा सा धरला तर हे दोन कॉर्ड मध्यमावरचा आणि पंचमावरचा. गाणं या दोन पायऱ्यांवर झुलत राहतं आणि सा वर उतरतच नाही. कान घरी जायची वाट बघत राहतो आणि घर काही येत नाही. नातं तुटतंय पण पुरतं तुटलेलं नाही, ही अवस्था शब्दांच्या आधी या झुलण्यातून कळते.

स्टीव्हीने हे गाणं दहा मिनिटांत केलं असं ती सांगते. त्याच इमारतीत स्लाय स्टोन या गायकासाठी बांधलेली एक खोली होती, तिथे ती छोटा कीबोर्ड घेऊन बसली होती. मग ते लिंडसीच्या हातात आलं. दोनच कॉर्ड असल्यामुळे त्याच्यापुढे प्रश्न होता की कंटाळा येऊ द्यायचा नाही कसा. त्याने प्रत्येक कडव्याभोवती वेगळी सजावट केली: कुठे गिटारचा लांबवलेला सूर, कुठे मागच्या आवाजांचा थर. आपल्यालाच सुनावणाऱ्या गाण्याचं घर तो सजवत होता. मिकचा ठेका मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत ढळत नाही.

अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेलं या बँडचं हे एकमेव गाणं, जून १९७७.

७. ‘द चेन’ ऐकताना दोन वेगळी गाणी जोडल्यासारखी का वाटतात?

जोडलेलीच आहेत! क्रिस्टीनचं एक गाणं जमेना म्हणून बाजूला पडलं होतं. त्याचा शेवटचा भाग मात्र सगळ्यांना आवडायचा. तो तेवढा ठेवला, पुढचा भाग नव्याने बांधला, स्टीव्हीने दुसऱ्याच कशासाठी लिहिलेले शब्द दिले आणि टेप ब्लेडने कापून चिकटवली. अल्बममध्ये पाचही जणांच्या नावावर असलेलं हे एकच गाणं.

जोड ऐकायचा असेल तर तिसऱ्या मिनिटाशी कान द्या. सगळं थांबतं, आणि जॉनची बेस गिटार एकटी, खालच्या अंगाला, पावलं मोजत चालल्यासारखी येते. फॉर्म्युला वन शर्यती बघणाऱ्यांना हा तुकडा पाठ असेल, कारण बीबीसीने तो अनेक वर्षं शीर्षकसंगीत म्हणून वापरला. आमच्या बैठकीत एक काका तेवढ्या तुकड्याला ताडकन उठून बसले. ‘अरे, हे तर गाड्यांचं!’

८. ‘सिल्व्हर स्प्रिंग्ज’ या अल्बममध्ये आहे की नाही? माझ्या फोनवर बारा गाणी दिसतात.

१९७७ च्या मूळ रेकॉर्डवर नाही, अकराच गाणी होती. नंतरच्या काही आवृत्त्यांत, २००४ पासून, ते घेतलं गेलं, त्यामुळे दोन्ही बरोबर.

ते वगळलं का, याचं कारण मोजपट्टीचं. रेकॉर्डच्या एका बाजूवर साधारण वीस-बावीस मिनिटं बसतात. त्याहून जास्त कोंबलं तर खाचा बारीक होतात आणि आवाज पडतो. ‘सिल्व्हर स्प्रिंग्ज’ लांब आणि संथ. मिकने स्टीव्हीला स्टुडिओबाहेर गाड्या लावायच्या जागेत नेऊन सांगितलं, आणि ती प्रचंड चिडली. त्या जागी तिचंच जुनं, छोटं ‘आय डोन्ट वॉन्ट टू नो’ घेतलं. वगळलेलं गाणं कुठे गेलं माहितीये? ‘गो युअर ओन वे’च्या सिंगल रेकॉर्डच्या मागच्या बाजूला. म्हणजे एका बाजूला त्याने तिला सुनावलेलं, उलटवलं की तिने त्याला दिलेला शाप. यापेक्षा चांगली जोडी मुद्दाम ठरवून लागली नसती.

१९९७ मध्ये पाचही जण पुन्हा एकत्र आले आणि ‘द डान्स’ नावाचा कार्यक्रम चित्रित झाला. त्यात स्टीव्ही हे गाणं गाताना शेवटाकडे लिंडसीकडे वळते आणि त्याच्यावर नजर रोखून गात राहते. तोही नजर काढत नाही. तुटून वीस वर्षं झालेली. ते चित्रीकरण शोधून बघा, मी इथे वर्णन करून काही होणार नाही.

९. ‘सॉन्गबर्ड’चा आवाज बाकीच्यांहून वेगळा, मोठ्या रिकाम्या जागेतला का येतो?

कारण ते मोठ्या रिकाम्या जागेतच झालं. ध्वनिमुद्रक आणि सहनिर्माता केन कॅले याला सभागृहाचा घुमारा हवा होता, म्हणून बर्कली विद्यापीठाचं झेलरबाख सभागृह घेतलं. पियानोवर फुलं ठेवली, वरून एकच दिवा सोडला, खुर्च्या सगळ्या रिकाम्या. गाणं तोडून जोडता येणार नव्हतं, एका दमात यायला हवं होतं. लय सुटू नये म्हणून लिंडसी नजरेआड बसून हलकी गिटार छेडत होता. हे रात्रभर चाललं.

गाणं सुचलं तेही रात्रीच. क्रिस्टीनला मध्यरात्री अर्ध्या तासात सगळं आलं, चाल आणि शब्द एकत्र. जवळ टेपरेकॉर्डर नव्हता. विसरू नये म्हणून ती सकाळपर्यंत झोपलीच नाही. पोटी दुःख असताना कुणाचं तरी भलं चिंतणारं हे गाणं आहे, आणि माझ्या लेखी अल्बममधलं सगळ्यात मोठं.

१०. टेप झिजली होती अशी गोष्ट तुम्ही त्या दिवशी अर्धवट सोडलीत. पुढे काय झालं?

भजी जळत होती म्हणून सोडली. तर, तेव्हा दोन इंच रुंद टेपवर चोवीस पट्टे असायचे. एका पट्ट्यावर गाणं, दुसऱ्यावर गिटार, असं एकावर एक चढवत जायचं. प्रत्येक वेळी टेप यंत्राच्या डोक्यावर घासते आणि तिच्यावरचा लेप थोडाथोडा निघतो. महिनोन् महिने हेच केल्यावर ड्रमचा कडकपणा गेला. आधी बारीक, तीक्ष्ण आवाज जातात, मग सगळंच गोधडीखालून आल्यासारखं वाटतं.

वाचले ते एका योगायोगाने. सुरुवातीला मूळ वादन दोन यंत्रांवर एकाच वेळी घेतलं होतं आणि दुसरी टेप अस्पर्श होती. त्यावरचे ताजे ड्रम घ्यायचे आणि झिजलेल्या टेपवरच्या गाण्याशी जुळवायचे. पण दोन यंत्रं आपोआप एकत्र चालवायची सोय त्या टेपवर नव्हती. मग एका जाणकाराने एका कानात जुने ड्रम, दुसऱ्या कानात नवे ड्रम घेतले आणि यंत्राचा वेग हाताने कमी-जास्त करत दोन्ही एकमेकांवर आणून ठेवले. आपण ऐकतो ते ड्रम असे हाताने बसवलेले आहेत.

११. मुखपृष्ठावर मिकच्या पायांमध्ये ते काय लोंबतंय? विचारायला लाज वाटते.

लाजू नका, सगळेच विचारतात. ते लाकडी गोळे आहेत, जुन्या पद्धतीच्या संडासाच्या साखळीचे. बँडच्या सुरुवातीच्या दिवसांत मिकने ते कुठल्याशा स्वच्छतागृहातून काढून आणले आणि शुभशकुन म्हणून कार्यक्रमात लटकवू लागला. काळ्या झग्यातली स्टीव्ही आहे. छायाचित्र हर्बर्ट वर्दिंग्टन यांचं. नावाची सूचना जॉनची: सगळे एकमेकांबद्दल गाण्यांतून बोलतायत, म्हणजे या अफवाच की.

१२. या बँडचा भारताशी काही संबंध?

थेट संगीताचा मला माहीत नाही, पण माणसांचा आहे. मिकची बायको जेनी बॉइड ही पॅटी बॉइडची धाकटी बहीण, आणि पॅटी तेव्हा बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनची बायको. १९६८ मध्ये बीटल्स महर्षी महेश योगींच्या ऋषिकेशच्या आश्रमात आले, तेव्हा जेनीही त्यांच्यात होती. मिक आणि जेनीचं लग्न, घटस्फोट, पुन्हा लग्न, पुन्हा घटस्फोट असं सगळं झालं. ‘रूमर्स’ त्यातल्या एका घटस्फोटाच्या सावलीत झाला.

१३. माझा भाऊ म्हणतो फ्लीटवूड मॅक म्हणजे ब्लूज बँड. कोण बरोबर?

भाऊही बरोबर. १९६७ मध्ये लंडनला पीटर ग्रीन या गिटारवादकाने सुरू केला तेव्हा तो अस्सल ब्लूज (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं दर्दभरं संगीत) वाजवणारा बँडच होता. सँटाना या अमेरिकन बँडमुळे जगभर पोचलेलं ‘ब्लॅक मॅजिक वुमन’ मुळात ग्रीनचं. नावात मात्र त्याने स्वतःला न घेता ड्रमवाला आणि बेसवाला घेतले: फ्लीटवूड आणि मॅकव्हीचं ‘मॅक’. पुढे ग्रीन गेला, माणसं येत-जात राहिली. १९७४ च्या शेवटी मिक स्टुडिओ बघायला गेला असताना त्याला तिथे लिंडसी आणि स्टीव्हीचं काम ऐकवलं गेलं. त्यांचा १९७३ चा अल्बम आपटला होता आणि स्टीव्ही वेट्रेसचं काम करत होती. मिकला खरं तर फक्त गिटारवाला हवा होता. लिंडसी म्हणाला, आम्ही दोघं एकत्रच येऊ. ही ‘साथ’ (प्रश्न ३) तिथून सुरू होते.

१४. ‘लँडस्लाइड’ सापडत नाही यात.

सापडणार नाही, ते १९७५ च्या अल्बममधलं. ‘एव्हरीव्हेअर’ आणि ‘लिटल लाइज’ १९८७ चे.

१५. किती खपला? बक्षीस वगैरे?

जगभर चार कोटींहून जास्त प्रती. अमेरिकेच्या यादीत एकूण ३१ आठवडे पहिला. चार गाणी तिथे पहिल्या दहांत गेली. १९७८ मध्ये वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी. १९९२ मध्ये बिल क्लिंटन यांनी प्रचारासाठी ‘डोन्ट स्टॉप’ घेतलं आणि जानेवारी १९९३ मध्ये त्यांच्या शपथविधीच्या समारंभात पाचही जण ते वाजवायला एकत्र आले. मोडलेल्या लग्नाचं गाणं, राष्ट्राध्यक्षाच्या आगमनाला.

१६. माझा सतरा वर्षांचा मुलगा हे गाणं आधीच ओळखत होता! कसं?

सप्टेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या एका माणसाने, लांब पाटीच्या स्केटबोर्डवरून रस्त्याने जाताना क्रॅनबेरी ज्यूसची बाटली तोंडाला लावून ‘ड्रीम्स’वर ओठ हलवले. टिकटॉकवर टाकलेला तो तुकडा जगभर फिरला. मिकनेही स्वतः तसाच व्हिडिओ केला, आणि ४३ वर्षांचा अल्बम अमेरिकेत पुन्हा पहिल्या दहांत आला. आपल्याकडे टिकटॉकवर त्याआधीच बंदी आली होती, त्यामुळे पोरांपर्यंत तो इतर वाटांनी पोचला.

१७. मुलांना ऐकवायला हरकत नाही ना? नशेबद्दल ऐकलं होतं.

गाणी बिनधास्त ऐकवा. स्टुडिओत मात्र कोकेन भरपूर होतं, हे त्या लोकांनी कधी लपवलं नाही. ‘गोल्ड डस्ट वुमन’ त्याच्याच वासाचं आहे: शेवटच्या काचा फुटण्याचा आवाज खरा आहे, मिक काचेचे पत्रे फोडत होता. ‘नशेमुळे चांगलं झालं’ असं कुणी सांगितलं तर त्याला प्रश्न १० वाचायला द्या. चांगलं झालं ते रात्र रात्र घासल्यामुळे.

१८. जुनी रेकॉर्ड घ्यायचीय. काय बघू?

मुंबईत असाल तर चोरबाजारात मटण स्ट्रीटला चक्कर मारा, पण घाईने पैसे काढू नका. अमेरिकन मूळ छपाईचा क्रमांक बीएसके ३०१०, ब्रिटिश के ५६३४४. आत गाण्यांचे शब्द छापलेला वेगळा कागद असायला हवा, बहुतेक वेळा तोच हरवलेला असतो. रेकॉर्ड उजेडात तिरकी धरून बघा. पहिल्या बाजूचा शेवट, म्हणजे ‘सॉन्गबर्ड’, नक्की वाजवून घ्या. खाच आत जाईल तसा आवाज फाटायला लागतो, आणि तिथे जवळपास नुसता पियानो असल्याने प्रत्येक ओरखडा बोलतो. माझ्या प्रतीत नेमकी तिथेच चिरचिर आहे. दुकानदाराने ‘ताई, एकदम नवी’ म्हणून दिली होती.

१९. ते सगळे आता कुठे आहेत?

क्रिस्टीन ३० नोव्हेंबर २०२२ ला गेली. त्यानंतर बँड पुढे चालवायला कारण उरलं नाही असं स्टीव्हीने सांगितलं. लिंडसीला त्याआधीच, २०१८ मध्ये, बँडमधून काढलं होतं आणि प्रकरण कोर्टापर्यंत गेलं, मग मिटलं. तरी २०२५ मध्ये त्या दोघांचा १९७३ चा आपटलेला अल्बम (प्रश्न १३) पुन्हा नव्याने बाजारात आला, मुखपृष्ठावर दोघं तरुण, एकमेकांना चिकटून.

२०. माझं नुकतंच मोडलंय. ऐकू का?

ऐका. पहिल्यांदा मात्र दुसरी बाजू आधी लावा, ‘द चेन’पासून. ‘ड्रीम्स’ रात्री अकरानंतर नको. आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.